घरचा पडदा आणि निवडीचा अधिकार : भाड्याच्या तबकडीपासून सदस्यत्वापर्यंत ('शेरनी' व 'गाभ्रीचा पाऊस' या चित्रपटांच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : घरगुती चित्रपटदर्शन, व्हिडिओ लायब्ररी, सदस्यत्व, ओटीटी, वऱ्हाडी बोली, यवतमाळ जिल्हा.

प्रस्तावना

चित्रपटाची समीक्षा करताना कथानक, पटकथा, अभिनय, छायाचित्रण, ध्वनी या घटकांचा विचार केला जातो. परंतु तो चित्रपट प्रेक्षकाच्या घरी कोणत्या मार्गाने पोहोचला, हा विचार समीक्षेच्या कक्षेबाहेरचा समजला जातो. तो व्यवहाराचा, फार तर ग्राहकहिताचा प्रश्न मानून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांकडे सोपविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. 'कोणत्या सेवेचे सदस्यत्व घ्यावे' या प्रश्नाचे उत्तर मग दरपत्रकाच्या तक्त्यात शोधले जाते. प्रस्तुत लेखकास ही विभागणी मान्य नाही. साहित्याच्या अभ्यासात ग्रंथव्यवहाराचा विचार आपण करतो; प्रकाशक कोण, आवृत्ती किती प्रतींची, पुस्तक तालुक्याच्या वाचनालयापर्यंत पोहोचले की नाही, हे प्रश्न वाङ्मयबाह्य मानून आता कोणी सोडून देत नाही. मग चित्रपटालाच हा न्याय का नसावा ?

घरी चित्रपट पाहण्यासाठी सेवा निवडणे म्हणजे कोणते चित्रपट आपल्या वाट्याला यावेत हे ठरविणे होय, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. भाड्याने तबकडी आणणारा प्रेक्षक चित्रपट निवडीत असे. सदस्यत्व घेणारा प्रेक्षक एक फळी निवडतो आणि त्या फळीवर काय ठेवावयाचे व केव्हा उचलावयाचे, हे दुसरे कोणीतरी ठरविते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकास हा फरक फारसा बोचणार नाही, कारण त्याच्याजवळ चित्रपटगृहे, महोत्सव, फिल्म सोसायट्या असे अन्य मार्ग आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव, घाटंजी किंवा झरी-जामणी तालुक्यातील घराला हे मार्ग उपलब्ध नाहीत. तेथे हातातील भ्रमणध्वनी हेच चित्रपटगृह आणि त्यावरील सदस्यत्व हीच काय ती निवड. म्हणून या प्रश्नाची चर्चा येथे दोन चित्रपटांच्या आधारे करावयाची आहे. त्यांपैकी एक या जिल्ह्यात घडलेल्या घटनेची ठळक आठवण करून देणारा आहे, तर दुसरा विदर्भातील कापूस उत्पादकाच्या जगण्याचा आहे.

भाड्याची तबकडी

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्यापाठोपाठ व्हीसीआर आले. यंत्र विकत घेणे मोजक्याच घरांना परवडत असल्यामुळे विदर्भातील लहान गावांत यंत्रच भाड्याने आणण्याची पद्धत पडली. गल्लीतील चार-सहा घरे वर्गणी काढीत, एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट आणल्या जात, आणि पहाटेपर्यंत अंगणात सतरंजीवर बसून तिन्ही चित्रपट 'वसूल' केले जात. कोणते तीन आणावयाचे, यावर आदल्या दिवशी जो वाद होई, तो या विषयाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. एक पौराणिक वा कौटुंबिक चित्रपट घरातील वडीलधाऱ्यांसाठी, एक मारधाडीचा तरुणांसाठी, आणि तिसऱ्यासाठी रस्सीखेच. निवड सामुदायिक होती, तिच्यात तडजोड होती आणि ती नावानिशी होत असे.

पुढे सीडी आली. प्रस्तुत लेखकाच्या पिढीने व्हिडिओ लायब्ररी पाहिली ती या काळात. काउंटरवर डिपॉझिट ठेवावयाचे, वहीत नाव व वेळ लिहावयाची आणि एका रात्रीसाठी दोन तबकड्यांचा एक चित्रपट घरी न्यावयाचा. पहिली तबकडी संपताच उठून दुसरी घालावी लागे, आणि चित्रपटाचे मध्यंतर दिग्दर्शकाने कोठेही ठेवलेले असो, घरचे मध्यंतर तबकडी ठरवीत असे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास प्रारंभ केला, तेव्हा भाड्याच्या व्यवसायाचे गणितच बदलले. दोन-तीन वेळच्या भाड्यात चित्रपट कायमचा घरात राहू लागला. मराठी चित्रपटांच्या दृष्टीने हा काळ महत्त्वाचा आहे. 'श्वास' (२००४) नंतर मराठी चित्रपटाविषयी जी नवी आस्था निर्माण झाली, तिला तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत नेण्याचे काम या स्वस्त तबकड्यांनीही केले, असे म्हणावयास हरकत नाही. तो मार्गही टिकला नाही. मोझर बेअरचे प्रकरण २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले आणि २०१८ मध्ये कंपनी अवसायनात निघाली.

तथापि या काळाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. लायब्ररीतील दर्शनी फळी हिंदी चित्रपटांची असे. मराठी तबकड्या खालच्या खणात, आणि त्यातही विनोदी चित्रपटांचा भरणा. अनेक तबकड्या सरळसरळ बनावट होत्या. चित्रपटगृहात कॅमेरा लावून चोरलेल्या चित्रात पुढच्या रांगेतील माणूस उठून जाताना दिसे आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नसे. कायद्याच्या दृष्टीनेही भाड्याचा व्यवहार वाटतो तितका निर्वेध नव्हता. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने चित्रपटाची प्रत भाड्याने देण्याचा अधिकार, ती प्रत पूर्वी विकली गेलेली असली तरी, हक्कधारकाकडेच ठेवला. एप्रिल २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वॉर्नर ब्रदर्सच्या दाव्यात, परदेशातून विकत आणलेल्या अस्सल डीव्हीडीसुद्धा परवानगीवाचून येथे भाड्याने देता येणार नाहीत, असा निर्णय दिला. पुस्तक विकत घेऊन वाचनालय काढता येते. तसे चित्रपटाचे काढता येत नाही, हा भेद या निर्णयाने स्पष्ट केला.

लायब्ररी आणि सदस्यत्व यांच्या मध्ये आणखी एक टप्पा येऊन गेला, ज्याची नोंद क्वचितच होते. मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपये देऊन मेमरी कार्डात चित्रपट भरून घेणे, हा तो टप्पा. 'सैराट' (२०१६) चित्रपटगृहांत गर्दी खेचत असतानाच त्याची बेकायदा प्रत फिरू लागली होती, हे सर्वश्रुत आहे. या दुकानांत निवड जवळजवळ नव्हतीच. 'काय हाये ते टाकून दे', एवढेच ग्राहक म्हणत असे. पुढे सदस्यत्वाच्या सेवांनी जो प्रेक्षक मिळविला, त्याची सवय या वाक्यात तयार झाली होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लायब्ररीवाल्याविषयी एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. 'ही नेऊ नका, प्रिंट खराब आहे', 'घरात लहान मुले असतील तर ही नको', असे तो तोंडावर सांगे. त्याचा सल्ला नेहमी रसिकतेचा नसे, धंद्याचाही असे. परंतु तो कोणाला, का आणि काय सुचवितो आहे हे उघड होते, आणि त्याच्याशी वाद घालता येत होता.

सदस्यत्वाचे स्वरूप

ज्या नेटफ्लिक्सने ही पद्धत जगभर रूढ केली, तिचा प्रारंभ १९९८ मध्ये अमेरिकेत टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठविण्यापासून झाला, हे येथे मुद्दाम लक्षात आणून द्यावेसे वाटते. २००७ मध्ये तिने आंतरजालावरून चित्रपट दाखविण्यास सुरुवात केली आणि २९ सप्टेंबर २०२३ रोजी टपालाची शेवटची तबकडी पाठवून तो विभाग बंद केला. भारतात ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओने स्वस्त डेटा उपलब्ध केला आणि डिसेंबरमध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ आली. झी ५ ने २०१८ मध्ये पदार्पण केले. यवतमाळातील मध्यमवर्गीय घरात या सेवा प्रत्यक्ष पोहोचल्या त्या मात्र २०२० च्या टाळेबंदीत.

या सेवांचे गणित वरवर सोपे दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने केवळ भ्रमणध्वनीसाठीचा दर मासिक १४९ रुपयांवर आणला, तर त्याच महिन्यात प्राइमचे वार्षिक शुल्क ९९९ वरून १,४९९ रुपये झाले. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओने चित्रपटांच्या मध्ये जाहिराती दाखविण्यास आरंभ केला, आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये आकारले. म्हणजे शुल्क भरूनही जाहिराती, आणि जाहिराती टाळण्यासाठी पुन्हा शुल्क. केबलवाल्यालाही असे धाडस झाले नव्हते !

परंतु दर हा यातील गौण भाग आहे. खरा प्रश्न फळीच्या अस्थिरतेचा आहे. परदेशी मालिकांचे उदाहरण घेतले तर ही बाब चटकन स्पष्ट होईल. एचबीओच्या मालिका हॉटस्टारवर होत्या; ३१ मार्च २०२३ नंतर त्या तेथून गेल्या आणि जिओसिनेमावर आल्या; फेब्रुवारी २०२५ मध्ये या दोन्ही सेवांचे एकत्रीकरण होऊन जिओहॉटस्टार झाली आणि मालिका पुन्हा जवळजवळ मूळ जागी परतल्या. दरम्यान ज्याने वर्षाचे शुल्क आगाऊ भरले होते, त्याच्या हाती काय राहिले ? कधी कारण कराराचे असते, कधी वादाचे. जानेवारी २०२४ मध्ये 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट तक्रारींनंतर नेटफ्लिक्सवरून काढून घेण्यात आला. चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट निदान तबकडीवर सापडत असे. फळीवरून उतरविलेला चित्रपट सदस्याच्या दृष्टीने नाहीसा होतो.

दुसऱ्या बाजूने, काही चित्रपटांना फळीखेरीज जागाच नसते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटास २०२० च्या व्हेनिस महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि ३० एप्रिल २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. हिंदुस्थानी संगीताच्या साधनेवरील हा चित्रपट मराठी प्रेक्षकास घरी पाहावयाचा तर एका अमेरिकी कंपनीचे सदस्य व्हावे लागते. ही तक्रार नव्हे, कारण त्या कंपनीवाचून तो इतक्या जणांपर्यंत पोहोचलाही नसता. मात्र मराठी चित्रपटाचे ग्रंथालय कोणाच्या मालकीचे आहे, याची जाणीव असलेली बरी.

जुन्या मराठी चित्रपटांची स्थिती याहून निराळी आणि काहीशी अनपेक्षित आहे. त्यांपैकी पुष्कळ चित्रपट हक्कधारक कंपन्यांनीच यूट्यूबवर विनामूल्य ठेवलेले आहेत. ज्याला प्रामुख्याने कृष्णधवल काळातील किंवा ऐंशीच्या दशकातील मराठी चित्रपट पाहावयाचे आहेत, त्याने कोणत्याही सेवेस शुल्क भरण्यापूर्वी तेथे शोध घ्यावा. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'वेव्ह्ज' ही सेवा सुरू केली, तिच्यात दूरदर्शनचा जुना संग्रह आहे. या दोन्हींच्या जाहिराती वृत्तपत्रांत पानभर येत नाहीत, म्हणून ती निवडीच्या चर्चेतही येत नाहीत.

'शेरनी' : आपली कथा, परकी फळी

अमित मसूरकर दिग्दर्शित 'शेरनी' हा हिंदी चित्रपट १८ जून २०२१ रोजी प्राइम व्हिडिओवर प्रदर्शित झाला. चित्रपटातील वाघिणीचे नाव टी-१२, वनविभागाचे नाव बिजासपूर, आणि भूमी मध्य प्रदेशची. तरीही हा चित्रपट पाहताना यवतमाळकराच्या मनात दुसरेच नाव येते. टी-१ अर्थात अवनी ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटी परिसरात मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, तिला दोन बछडे होते, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते आणि पांढरकवडा वनविभागाची धुरा त्या वेळी एका महिला अधिकाऱ्याकडे होती. चित्रपटातही दोन बछड्यांची वाघीण आहे, नव्याने रुजू झालेली महिला वनाधिकारी आहे, खाजगी शिकारी आहे आणि वाघिणीवर निवडणूक लढविणारे पुढारी आहेत. साम्य इतके ठसठशीत असताना ते योगायोगाचे मानणे अवघड आहे.

कलाकृती म्हणून 'शेरनी' चांगला चित्रपट आहे. विद्या बालन यांनी साकारलेली विद्या व्हिन्सेंट ही नायिका आरडाओरडा करीत नाही. कार्यालयीन पुरुषी वातावरणात ती गप्प राहून काम करते आणि बहुतेक वेळा हरते. विजय राज यांनी रंगविलेला महाविद्यालयीन प्राणिशास्त्राचा प्राध्यापक वनविभागाच्या मदतीला येतो, त्याचे गावकऱ्यांशी बोलणे विश्वसनीय झाले आहे. (आपल्या पेशाचे इतके सहृदय चित्रण हिंदी चित्रपटात विरळाच !) तांब्याच्या खाणीने वाघिणीचा अभयारण्याकडे जाणारा मार्ग तोडला आहे, हा तपशील कथेच्या मुळाशी आहे, आणि वणी परिसरातील कोळशाच्या खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. भुसा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात नायिकेची बदली होते, तो शेवटही संयत आहे.

मात्र एक उणीव हा चित्रपट घरी, घरच्या माणसांबरोबर पाहतानाच लक्षात आली. प्रस्तुत लेखकाच्या आईने अर्ध्या तासातच विचारले, 'हे काई आपल्याकडचं जंगल नाई. कपाशी कुठी हाये ?' समीक्षकाने चार परिच्छेदांत मांडावा असा हा मुद्दा आहे. अवनीचा वावर घनदाट राखीव अरण्यात नव्हता. घाणेरीची झुडपे, विरळ वनखंड आणि त्यांच्या मधोमध कपाशी व तुरीची शेते, असा तो प्रदेश. तेथे माणसे मेली ती निंदण-वेचणीच्या, गुरे चारण्याच्या रोजच्या कामात. शेतकऱ्याला शेतात जावेच लागते आणि वाघिणीलाही लपण्यास उभे पीकच सोयीचे, हा या शोकांतिकेचा गाभा होता. 'शेरनी'ने तो मध्य प्रदेशातील देखण्या वनात नेला आणि कथा 'जंगल विरुद्ध विकास' या ओळखीच्या चौकटीत बसविली. कपाशी वगळल्यामुळे कर्ज, नापिकी आणि शेतमजुराची रोजी वगळली गेली. त्याचबरोबर भाषाही गेली. या पट्ट्यात वऱ्हाडी, कोलामी, गोंडी, बंजारा बोली आणि सीमेलगत तेलुगू अशा अनेक भाषा कानी पडतात. चित्रपटातील गावकरी हिंदीच्या एका सोयीस्कर ग्रामीण छटेत बोलतात.

या कलात्मक निवडीचा आणि वितरणाच्या मार्गाचा संबंध आहे काय ? प्रस्तुत लेखकाच्या मते आहे. देशभरातील व परदेशातील सदस्यांसाठी तयार होणाऱ्या चित्रपटाला स्थानाची निश्चित खूण अडचणीची वाटते. 'भारतातील कोणतेतरी जंगल' त्याला पुरते. फळीची मागणी अशा रीतीने आशयात उतरते.

ज्यांच्या जगण्याशी या कथेचा निकटचा संबंध, त्यांच्यापर्यंत ती पोहोचली कशी, हेही पाहिले पाहिजे. जून २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे राज्यातील बहुतेक चित्रपटगृहांना टाळे होते, आणि चित्रपट थेट सदस्यांसाठीच आला होता. त्याच वर्षी जानेवारीत एअरटेलच्या ग्राहकांसाठी प्राइम व्हिडिओची केवळ भ्रमणध्वनीवरील आवृत्ती निघाली होती. २८ दिवसांस ८९ रुपये आणि ६ जीबी डेटा. स्वस्तात ही सोय झाली खरी, परंतु चित्र साध्या दर्जाचे आणि पडदा तळहाताएवढा. 'शेरनी'तील अनेक महत्त्वाचे प्रसंग अंधारात घडतात, वाघिणीचा अंतही रात्रीचाच. साध्या दर्जाच्या चित्रात या अंधाराचा एक सपाट काळा ठिपका होतो, आणि जंगलाच्या ज्या बारीक ध्वनींवर दिग्दर्शकाने मेहनत घेतली आहे ते भ्रमणध्वनीच्या कर्ण्यातून ऐकूच येत नाहीत. म्हणजे स्वस्त योजना घेणाऱ्यास तोच चित्रपट मिळत नाही. त्याचे कथासूत्र तेवढे मिळते. दरपत्रकाच्या तक्त्यात 'साधा दर्जा' असे दोन शब्द असतात, त्यांचा कलात्मक अर्थ हा आहे.

'गाभ्रीचा पाऊस' : फळीवर आपण होऊन न येणारा चित्रपट

सतीश मनवर दिग्दर्शित 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटात 'शेरनी'त हरवलेली कपाशी आहे. कर्जात बुडालेला किसना (गिरीश कुलकर्णी), शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यापासून धास्तावलेली त्याची पत्नी अलका (सोनाली कुलकर्णी) आणि बापावर पाळत ठेवण्याची कामगिरी मिळालेला लहानगा दिनू, अशी याची मांडणी आहे. आत्महत्येचा विषय हाताळणारे चित्रपट बहुधा मृत्यूनंतर सुरू होतात. हा चित्रपट मृत्यूच्या भीतीत जगणाऱ्या घराचा आहे, आणि म्हणूनच त्यात हसू येते. नवऱ्याला एकटे सोडावयाचे नाही म्हणून चाललेली अलकाची केविलवाणी धडपड, पेरणी, पावसाची दडी आणि पुन्हा पेरणी, हे सारे वऱ्हाडी बोलीत आणि तिच्या खास तिरकस विनोदबुद्धीने येते. शीर्षकातील शिवी पावसाला आहे; ती ज्याला उमगते त्याला हा चित्रपट निम्मा तेथेच कळतो.

आता सेवांच्या मुख्य पानाचा विचार करावा. तेथे काय दिसावे हे आपण पूर्वी काय पाहिले, इतर सदस्य काय पाहत आहेत आणि कंपनीस काय पुढे आणावयाचे आहे, यांवर ठरते. प्रस्तुत लेखकाने अनेक महिने शेती, विदर्भ, मराठी या विषयांवरील चित्रपट शोधून पाहिले. तरी 'गाभ्रीचा पाऊस' हे नाव कोणत्याही मुख्य पानाने आपण होऊन पुढे केले नाही. 'शेरनी' पाहून झाल्यावर सुचविले गेले ते आणखी वाघांचे माहितीपट आणि त्याच अभिनेत्रीचे आणखी चित्रपट. वाघ आणि अभिनेत्री हे दुवे यंत्रास समजले. यवतमाळ हा दुवा समजला नाही, कारण तो चित्रपटाच्या नोंदीत कोठेही लिहिलेला नाही. राजेश पिंजानी यांचा 'बाबू बँड बाजा' हा चित्रपटही याच उपेक्षेचा धनी आहे. ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणातील उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला आणि मिताली जगताप यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तरी नाव माहीत असल्याखेरीज तो सापडत नाही.

निवडीचे निकष

या पार्श्वभूमीवर जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबाने सेवा निवडताना काय करावे ? पहिली गोष्ट, सेवेपासून सुरुवात करू नये. येत्या वर्षभरात घरातील माणसांना खरोखर पाहावयाचे असलेले चित्रपट नावानिशी लिहून काढावेत. आजीचे, मुलांचे आणि स्वतःचे. ही यादी वीस-पंचवीस नावांपलीकडे सहसा जात नाही. मग ती नावे कोठे आहेत याचा शोध घ्यावा. त्यांतील काही यूट्यूबवर विनामूल्य निघतील. काही एकाच सेवेवर असतील, तर त्या सेवेचे सदस्यत्व एका महिन्यापुरते घेऊन ती पाहून टाकावीत आणि ते बंद करावे. वार्षिक सदस्यत्व स्वस्त दिसते, पण फळी बदलण्याची जोखीम त्यात ग्राहकाच्या माथी येते.

उरलेल्यांसाठी भाड्याची जुनी रीत नव्या रूपात उपलब्ध आहे. एप्रिल २०२२ मध्ये प्राइम व्हिडिओने भारतात एकेक चित्रपट भाड्याने देण्यास प्रारंभ केला. सदस्यत्वाची अट नाही, आरंभी दर ६९ रुपयांपासून ४९९ रुपयांपर्यंत होते, घेतल्यापासून ३० दिवसांत पाहण्यास सुरुवात करावयाची आणि एकदा सुरू केल्यावर साधारणतः ४८ तासांत संपवावयाचा. वार्षिक १,४९९ रुपयांच्या शुल्कात किमान दराचे एकवीस चित्रपट येतात. वर्षाला एकवीस चित्रपट मन लावून पाहणारी घरे आपल्या परिचयात किती आहेत, हे ज्याचे त्याने मोजावे. नवे हिंदी-इंग्रजी चित्रपट वरच्या दराने मिळत असल्याने हा हिशेब सर्वांना लागू पडणार नाही, हे मान्य. परंतु भाड्याचा चित्रपट निवडताना मनुष्य दोन मिनिटे विचार करतो आणि घेतलेला चित्रपट शेवटपर्यंत पाहतो. सदस्य मात्र अर्धा तास पाने सरकवितो आणि झोपी जातो.

डेटाचा हिशेबही आधी करावा. नेटफ्लिक्सने दिलेल्या प्रमाणानुसार साध्या दर्जाच्या चित्रास ताशी सुमारे १ जीबीपर्यंत आणि उच्च दर्जाच्या चित्रास ताशी ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. हेच प्रमाण धरले तर 'शेरनी'सारखा सव्वादोन तासांच्या आतबाहेरचा चित्रपट उच्च दर्जात पाहण्यास साडेसहा जीबीच्या आसपास लागतील, आणि दैनंदिन दीड-दोन जीबीच्या पॅकवर तो मध्येच थांबेल. तारेचे इंटरनेट नसलेल्या घराने, जेथे ते आहे अशा ठिकाणी चित्रपट आधीच उतरवून घेण्याची सोय सेवेत आहे काय, हे पाहावे. भारनियमनाच्या दिवसांत तर ही सोय दर्जापेक्षाही मोलाची ठरते. घरात मुले असतील तर फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वयोगटाची नोंद बंधनकारक केली आहे आणि १३ वर्षांवरील वर्गासाठी पालकांच्या कुलुपाची सोयही सांगितली आहे. ते कुलूप पहिल्याच दिवशी लावावे.

उपशीर्षकांचा मुद्दा मराठी अभ्यासकांनी अजून पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही. मराठी चित्रपटास इंग्रजी उपशीर्षके असतात, ती परप्रांतीय प्रेक्षकासाठी. कोरियन वा इराणी चित्रपट पाहू इच्छिणाऱ्या मारेगावच्या गृहिणीस मराठी उपशीर्षके क्वचितच मिळतात. ज्या सेवेत ती मिळतील तिला दहा रुपये अधिक द्यावेत, इतका हा निकष महत्त्वाचा आहे.

राहता राहिला तबकड्यांचा प्रश्न. २००० ते २०१२ या काळातील अनेक मराठी तबकड्या आजही आपल्या घरांतील कपाटांत आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत पडून आहेत. त्या रद्दीत घालू नयेत. ज्या चित्रपटाचे हक्क कोणत्या कंपनीकडे आहेत हे ठरविणेच दुरापास्त झाले आहे, त्याची हाती असलेली प्रत हीच काही वेळा एकमेव प्रत ठरू शकते. महाविद्यालयात शिक्षक, विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यापुरता शैक्षणिक कार्यक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखविण्यास स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ मुभा देते. सदस्यत्वाच्या करारात मात्र वापर व्यक्तिगत असावा अशी अट असते, त्यामुळे वर्गात घरचे खाते उघडण्यापेक्षा तबकडी लावणे अधिक निर्धास्त. अडचण एवढीच की, नव्या संगणकांना तबकडी घालण्याची खाचच नसते. प्रस्तुत लेखकाच्या विभागात २००८ साली खरेदी केलेला एक डीव्हीडी प्लेअर आहे. त्याचा ट्रे हाताने ओढावा लागतो आणि रिमोट हरवला आहे, पण चित्र अजून स्वच्छ येते.